कुडंदैच्या ज्योतिष्याचे घर

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकर प्रथम नकाशा उघडतो. आम्हीही तेच केले. कावेरी आणि अरसलारु या दोन प्रवाहांच्या बेचक्यात कुंभकोणम हे नाव सापडले आणि जिवाला थोडे बरे वाटले. कारण जेथे दोन नद्या आहेत तेथे निदान पाण्याची ददात नसावी. नाशिकच्या सिंहस्थाप्रमाणे येथेही बारा वर्षांनी एकदा महामहम् नावाचा स्नानसोहळा होतो, मागचा २०१६ साली झाला आणि पुढचा २०२८ साली व्हावयाचा आहे, हेही आम्ही वाचून घेतले. शार्ङ्गपाणीचे उत्तुंग गोपुर, विड्याची कोवळी पाने, आसपासच्या गावांतील पितळी समया आणि डिग्री कॉफी यांची कीर्ती तर कानी होतीच. गणिती रामानुजन येथील टाउन हायस्कुलात शिकले, हे कोणास ठाऊक नाही? एवढ्या तयारीने आम्ही या गावी दाखल झालो.

परंतु येथे येऊन महिना होतो न होतो तोच आमच्या ध्यानात आले की, आमची तयारी अपुरी होती. कचेरीतील एक थोरले सहकारी, ज्यांच्या निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत, त्यांनी एके दिवशी दुपारच्या सुटीत विचारले, "सार, तुम्ही 'पोन्नियिन सेल्वन' वाचलेत का?" आम्ही नकारार्थी मान हलविली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड आमच्या टेबलावर आणून ठेवला. त्या खंडात कादंबरीचा नायक या गावात येतो. गावाचे जुने नाव कुडंदै. तेथील एका ज्योतिष्याच्या घरी तो भविष्य विचारण्यास जातो आणि अवचित चोळ राजकन्येसमोर उभा राहतो. ते घर कोठे होते, असे आम्ही भाबडेपणाने विचारले. सहकारी हसले. "सार, ते घर पुस्तकातच आहे. पण शोधणारे तुम्ही पहिले नव्हे."

पुढे एका रविवारी त्यांच्या घरी बसून आम्ही या कादंबरीवरील चित्रपटाचे दोन्ही भाग पाहिले. चित्रपट भव्य होता, देखणा होता. तो संपल्यावर गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर्व आले, आमचा ज्योतिषी मात्र आला नाही." कोपऱ्यात त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू मोबाईलवर साहसाचा एक गेम खेळत बसला होता. त्यात कोणी एक तलवारबहाद्दर जंगले, किल्ले आणि राक्षस ओलांडीत चालला होता. मुलाने मान वर न करताच म्हटले, "ताता, वंदियत्तेवन माझ्या हातात असता तर मी त्याला ज्योतिष्याकडे नेला असता."

मुलाचे ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. ज्या कथेत वाचक स्वतः नायकाबरोबर चालतो, ती कथा जेव्हा पडद्यावर जाते आणि प्रेक्षक खुर्चीवर बसतो, तेव्हा तिच्यातले काय उरते आणि काय गळते? हा प्रश्न आज जगभर गेमवरून चित्रपट काढणाऱ्यांना पडलेला आहे. परंतु कावेरीकाठच्या या मुलखात त्याचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. आणि त्या इतिहासात आपणां मराठी माणसांनी विचारात घ्यावे असे काही आहे, म्हणून हा प्रपंच.

रा. कृष्णमूर्ती ऊर्फ 'कल्की' यांचा जन्म १८९९ साली तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पुत्तमंगलम या खेड्यात झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला, 'आनंद विकटन' साप्ताहिकात नाव मिळविले आणि १९४१ साली टी. सदाशिवम यांच्यासह 'कल्की' हे स्वतःचे साप्ताहिक काढले. या साप्ताहिकाच्या भांडवलाची हकीकत मराठी वाचकाला मौजेची वाटेल. सदाशिवम यांच्या पत्नी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी त्याच वर्षीच्या 'सावित्री' या तमिळ बोलपटात नारदाची भूमिका केली आणि त्या मोबदल्यातून साप्ताहिक उभे राहण्यास साहाय्य झाले. त्या बोलपटातील सावित्री कोण होती? आपल्या 'प्रभात'च्या शांता आपटे! ज्या पत्रात तमिळ जनतेची सर्वांत लाडकी कादंबरी पुढे प्रसिद्ध झाली, त्या पत्राचा पाया अशा एका चित्रपटाच्या कमाईवर घातला गेला होता, ज्याची नायिका मराठी होती.

कल्कींना चित्रपटाचे माध्यम परके नव्हते. त्यांची 'त्यागभूमी' ही कथा १९३९ साली 'आनंद विकटन'मधून क्रमशः येत असतानाच पापनाशमचे दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांनी तिचा बोलपट केला. मासला असा की, साप्ताहिकातील प्रकरणांना चित्रे म्हणून बोलपटातील छायाचित्रेच छापली जात. कथा आणि चित्रपट ही जुळी भावंडे म्हणून जन्मली आणि पुढे त्या बोलपटावर ब्रिटिश सरकारची बंदीही आली. तथापि त्या कथेचा विस्तार आटोपशीर होता. 'पोन्नियिन सेल्वन'चे प्रकरण निराळे.

ही कादंबरी 'कल्की' साप्ताहिकात ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली आणि मे १९५४ मध्ये संपली. 'नवा पूर'पासून 'त्यागशिखर'पर्यंत पाच भाग, छापील पृष्ठे दोन हजारांहून अधिक. मणियम यांची चित्रे. साडेतीन वर्षे तमिळ घरांतून आठवड्याच्या अंकाची वाट पाहिली जात होती. लेखक त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारले. पोन्नी म्हणजे कावेरी आणि पोन्नियिन सेल्वन म्हणजे कावेरीचा लाडका पुत्र. लहानपणी नदीत पडलेला आणि एका अज्ञात स्त्रीच्या हातांनी वाचलेला राजपुत्र अरुळमोळिवर्मन, जो इतिहासात राजराज चोळ या नावाने ९८५ साली गादीवर आला आणि ज्याने तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर १०१० साली पूर्ण केले, तो हा.

मात्र कादंबरीचा चालता नायक राजपुत्र नव्हे. तो मान वंदियत्तेवन या राज्य गमावलेल्या कुळातील तरुण स्वाराला दिलेला आहे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नद्यांच्या पुराच्या सणाला, तो वीरनारायण सरोवराच्या बांधावरून घोडा हाकीत येतो, तेथे कथा सुरू होते. कांचीहून युवराज आदित्य करिकालाने दिलेले दोन संदेश त्याच्यापाशी आहेत: एक तंजावरी आजारी राजाला, दुसरा पळैयारै येथे राजकन्या कुंदवैला. वाटेत कडंबूरच्या वाड्यात रात्रीच्या अंधारात सरदारांचे कारस्थान त्याच्या कानी पडते. मग कुडंदै, मग तंजावर, मग पळैयारै, पुढे समुद्र ओलांडून सिंहलद्वीप. तो उतावळा आहे, बडबड्या आहे, पदोपदी चुकतो आणि चुकीतून सुटतो. वाचकाला जे ठाऊक नाही ते त्यालाही ठाऊक नाही. त्याच्या घोड्यामागे बसूनच वाचक चोळ देश पाहतो.

आता एक सरकारी नोकर या नात्याने आम्हांस ज्या गोष्टीचे विशेष वाटले ती सांगतो. या दोन हजार पृष्ठांचा मूळ पुरावा किती? वंदियत्तेवन कोरीव लेखात भेटतो तो मुख्यतः कुंदवैचा पती म्हणून, एका ओळीपुरता. आदित्य करिकालाचा खून झाला, हे खरे. त्याचा आधार म्हणजे काट्टुमन्नारकोविलजवळील उडैयारगुडीच्या मंदिरावरील शिलालेख. राजराजाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षीचा हा लेख वाचला तर तो शुद्ध महसुली कागद आहे. करिकालाचा घात करणारे रविदास आणि त्याचे भाऊ, त्यांची आणि त्यांच्या आप्तांची जमीन सरकारजमा झाली, तिची पुढे विक्री झाली, एवढाच मजकूर. जप्तीचा हुकूम आणि विक्रीची नोंद! असे कागद आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलावरून रोज जातात. कल्कींनी त्या जप्तीच्या कागदातून रात्रीची खलबते, विधवेचा सूड आणि भावाबहिणींचे प्रेम उभे केले. नंदिनी, आळवारक्कडियान नंबी, नावाडीण पूंगुळली ही माणसे त्यांनी कल्पनेने निर्माण केली. परंतु त्यांच्या पायांखालची जमीन त्यांनी शिलालेखांतून घेतली.

त्या जमिनीचा एक मोठा तुकडा कुंभकोणमच्या आसपासचा आहे. चोळांचा इतिहास तमिळमध्ये लिहिणारे सदाशिव पंडारत्तार हे जवळच्याच तिरुप्पुरंबियमचे. ते कुंभकोणमच्या एका शाळेत शिक्षक होते आणि पुढे अण्णामलै विद्यापीठात गेले. त्यांचा आणि नीलकंठ शास्त्री यांचा इतिहास कल्कींना उपयोगी पडला. तिरुप्पुरंबियम येथे नवव्या शतकाच्या अखेरीस मोठी लढाई झाली आणि चोळांच्या उदयाला वाट मिळाली. कादंबरीतील कटवाले तेथील ओसाड वीरस्मारकाच्या रानात जमतात. कुंदवैची पळैयारै गावापासून थोड्याच अंतरावर आहे. आम्ही एका सुटीत सायकलीने तेथे गेलो. पट्टीश्वरमजवळ 'चोळन माळिगै', म्हणजे चोळांचा वाडा, या नावाचे खेडे लागते. वाडा नाही, भाताची शेते, नारळीची झाडे आणि शाळेतून परतणारी मुले आहेत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र सायकलीवरचा परका इसम पाहून आपण होऊन हात उचलला आणि, कुंदवैचा वाडा तेथे होता, असे बोटाने दाखविले. त्याने शिलालेख वाचला नसेल. त्याला वाट ठाऊक होती, आणि ती त्याला कथेने दाखविली होती.

अशा कथेवर चित्रपट व्हावा, ही इच्छा स्वाभाविकच होती. पहिला प्रयत्न एम. जी. रामचंद्रन यांचा. सिंहलद्वीपात जन्मलेल्या या नटाचे बालपण कुंभकोणममध्ये दारिद्र्यात गेले. येथल्या आनैयडी शाळेत तो शिकला आणि पोटासाठी नाटक कंपनीत गेला. १९५८ साली त्याने दहा हजार रुपयांना चित्रपटाचे हक्क घेतले. वैजयंतीमाला, पद्मिनी, सावित्री, जेमिनी गणेशन अशी नामावळी जाहीर झाली. पुढे दिग्दर्शक म्हणून नावाला आलेले महेंद्रन यांनी तेव्हा तरुणपणी त्याची पटकथा लिहिली. मग रामचंद्रन यांना अपघात झाला, सहा महिने जखम भरण्यात गेले आणि चित्रपट राहिला. काही वर्षांनी हक्कांची मुदत वाढवूनही तो झाला नाही. रामचंद्रन मुख्यमंत्री झाले, १९८७ साली वारले. कादंबरी कागदावरच राहिली.

त्यानंतर कमल हासन आणि मणिरत्नम यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा विचार केला. खर्चाचा मेळ बसेना. लेखकाच्या जन्मशताब्दीच्या सुमारास तमिळनाडू सरकारने कल्कींचे साहित्य सर्वांना खुले केले आणि त्याच काळात, १९९९ साली, मद्रासच्या 'मॅजिक लँटर्न' या नाट्यसंस्थेने कादंबरी रंगभूमीवर आणली. तिचे नाट्यरूप कुमारवेल यांनी केले होते. २०१० साली मणिरत्नम यांनी पुन्हा सुरुवात केली, २०११ साली पुन्हा थांबविली. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये थायलंडच्या रानात चित्रणास आरंभ झाला. महामारीने ते थांबले, हैदराबादेत पुन्हा चालू झाले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दोन्ही भागांचे काम पुरे झाले. पटकथेत मणिरत्नम यांच्याबरोबर तेच कुमारवेल होते. संवाद जयमोहन यांचे. पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०२३ रोजी पडद्यावर आला. कमल हासन यांचा पहिल्या भागात आवाज आला, निवेदकाचा. पहिल्याच भागाने चारशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमविला आणि त्याला त्या वर्षीच्या उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १९५८ ते २०२२ म्हणजे चौसष्ट वर्षे. एखाद्या प्रकरणाची फाईल इतकी वर्षे टेबलाटेबलांवरून फिरावी आणि शेवटी मंजूर व्हावी, याचे अप्रूप आमच्याइतके कोणाला वाटणार?

आता त्या मुलाच्या वाक्याकडे वळू. गेमवरून चित्रपट काढण्याचा उद्योग पाश्चात्त्य जगात तीस वर्षांहून जुना आहे. १९९३ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' या लोकप्रिय जपानी गेमवर अमेरिकेत चित्रपट निघाला, तो सपशेल पडला. २००१ साली 'टूम रेडर'ने पैसा मिळविला, तरी समीक्षकांनी नाक मुरडले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' २०१० साली आला आणि गेला. २०१६ सालच्या 'वॉरक्राफ्ट'ला जगभरातून चाळीस कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले, परंतु खर्च एवढा अवाढव्य की पुढचा भाग निघाला नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये तोच मारिओ चलच्चित्राच्या रूपाने परत आला आणि त्याने एकशे तीस कोटी डॉलरांची मजल ओलांडली. त्याच महिन्याच्या अखेरीस 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भाग प्रदर्शित झाला, हा योगायोग.

या अपयशांचे कारण काय? गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती नायकाचा लगाम असतो. त्याने डावीकडे वळावे की उजवीकडे, वाटेतल्या झोपडीचे दार ठोठवावे की पुढे जावे, हे खेळणारा ठरवितो. चुकला तर मागे येतो, आडवाटेला लागतो आणि बहुधा तेथेच रमतो. चित्रपट त्याच्या हातून लगाम काढून घेतो. बदल्यात तो डोळ्यांना वैभव देतो. परंतु ज्याने स्वतः चालून तो मुलूख पाहिला आहे, त्याला दुसऱ्याने फिरवून आणलेले वैभव उपरे वाटते. साप्ताहिकातील कादंबरीत लगाम वाचकाच्या हाती नसतो, हे खरे. परंतु आठवडाभराची उसंत असते. त्या सात दिवसांत वाचक पुढची वाट मनाने चालून पाहतो, शेजाऱ्याशी पैज लावतो. साडेतीन वर्षे असे चाललेला माणूस साडेपाच तासांच्या चित्रपटापुढे बसला म्हणजे, आमच्या सहकाऱ्यांप्रमाणे, आपले गाव कोठे राहिले हे शोधू लागतो.

मणिरत्नम यांना हे ठाऊक होते, असे आमचे मत झाले. त्यांनी वगळले ते विचारपूर्वक. वंदियत्तेवनाचा कित्येक प्रकरणांचा प्रवास एका गीतात आटोपला. कुंदवैची भेट कुडंदैच्या ज्योतिष्याकडे न होता पळैयारैच्या उत्सवाच्या गर्दीत झाली. कडंबूरची मणिमेखलै समूळ गेली. करिकालाच्या मृत्यूभोवती कल्कींनी जे धुके ठेवले होते, ते चित्रपटाने बरेचसे दूर केले. कादंबरीत नसलेली भरही त्यांनी घातली: आरंभीच करिकालाची राष्ट्रकूटांशी लढाई आहे. मराठी प्रेक्षकाने येथे सावरून बसावे. कारण वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरविले ते हे राष्ट्रकूट. त्यांच्या तिसऱ्या कृष्णाच्या सैन्याने ९४९ साली तक्कोलम येथे चोळ युवराज राजादित्याला मारले होते. इकडे जो पराभव म्हणून आठवला जातो, तो आपल्या दख्खनच्या इतिहासात विजय आहे. परमुलखात चित्रपट पाहण्याचा हा एक लाभ की, आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे क्षणभर कळेनासे होते.

आणखी एक गोष्ट. या चित्रपटाचे चित्रण तंजावर-कुंभकोणमच्या जुन्या देवळांत झाले नाही. चोळांचे वाडे हैदराबादेत उभारले गेले, आणि काही प्रसंग मध्य प्रदेशात ओरछा, ग्वाल्हेर आणि महेश्वर येथे घेतले गेले. महेश्वर! अहिल्याबाई होळकरांचे नर्मदातीरीचे ते घाट. कावेरीच्या पुत्राची कथा सांगण्यासाठी आलेल्या तमिळ मंडळींना मराठी राणीच्या घाटाचा आसरा मिळाला. आम्हांस लगेच कुंभकोणमच्या एका माणसाची आठवण झाली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी, तंजावरी मराठी देशस्थ घराण्यात झाला. त्रावणकोरचे दिवाण, मग १८७३ पासून इंदूरला होळकरांचे दिवाण, मग १८७५ पासून बडोद्याचे. ज्या गावाची कथा होळकरांच्या घाटावर चित्रित झाली, त्या गावाचा माणूस दीडशे वर्षांपूर्वी होळकरांचे दप्तर पाहत होता. बदलीच्या आयुष्यात सुख कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही माधवरावांकडे बोट दाखवू.

येथवर आल्यावर आमच्या सहकाऱ्यांचा दुसरा प्रश्न सांगणे प्राप्त आहे. चित्रपट पाहिल्यावर, निघताना, दारात उभे राहून त्यांनी सहज विचारले, "सार, तुमच्या मराठी राजांनीही तंजावरवर राज्य केले. दीडशे-दोनशे वर्षे. त्यांची कथा आम्ही कोठे वाचावी?"

आम्ही निरुत्तर झालो. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ साली कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे. १६७७ साली शिवछत्रपती दक्षिणेत आले, तेव्हा कोळ्ळिडमकाठच्या तिरुमळवाडीला या दोघा सावत्र भावांची भेट झाली. दोन भाऊ, एक वारसा, मधे नदी: कल्कींच्या हाती हा प्रसंग लागता तर त्यावर एक भाग झाला असता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, त्याच्या दीडशे वर्षे आधी शहाजीराजे तंजावरी मराठी नाटके लिहीत होते. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले आणि तेथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आजही आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर, पोन्नियिन सेल्वनाच्या देवळात, सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो एवढा विस्तृत आहे की भिंत संपते पण वंशावळ संपत नाही, असे वाटते.

आम्ही तो लेख पाहण्यास गेलो होतो. देवळात त्या दिवशी पुष्कळ गर्दी होती. मुले, बायका, म्हातारे, राजराजाच्या नावाने एकमेकांना कोपरखळ्या मारीत, चित्रपटातील प्रसंग आठवीत फिरत होते. आमच्या भिंतीपाशी आमच्याखेरीज कोणी नव्हते. आम्ही अक्षरे लावीत उभे राहिलो. एक मुलगा जवळ आला, अक्षरांकडे पाहिले, ती तमिळ नाहीत असे पाहून पुढे गेला. त्याचा काही दोष नव्हता. उडैयारगुडीचा लेखही कल्कींच्या आधी असाच एकटा होता.

त्या भिंतीपाशी आम्हांला जे कळले ते एवढेच. भूतकाळाला माणसापर्यंत येण्यास तीन मजला कराव्या लागतात. आधी दप्तर, मग वाट, मग दृश्य. जप्तीच्या कागदातून एका लेखकाने वाट काढली. त्या वाटेने तीन पिढ्या चालल्या. आणि मग ती वाट डोळ्यांपुढे उभी करण्यास कोट्यवधी रुपये खर्चणारा कोणी निघाला. ज्यांनी मधली मजल गाळली, त्यांचे चित्रपट कितीही भव्य असोत, ते रिकाम्या किल्ल्यासारखे राहिले. मारिओला वा वंदियत्तेवनाला पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली ती पाठीमागे चाललेल्या लाखो पायांमुळे. मराठीतही हे घडले आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहून वाट पाडली, म्हणूनच त्या वाटेने बाबूराव पेंटर १९२३ साली आणि व्ही. शांताराम १९३३ साली सिंहगडावर चढू शकले.

तंजावरच्या मराठी राज्यापाशी दप्तर आहे, भिंत आहे, मोडीचे रुमाल आहेत. वाट तेवढी नाही. घराघरांतून नाव घेतले जाईल अशी कथा नाही. हे काम कोणाचे? पुण्या-मुंबईच्या लेखकांस हा मुलूख दूर आहे. येथे राहतो तो बदलीवरचा कारकून, पोस्टातला, रेल्वेतला, बँकेतला माणूस. त्याला भाषा दोन्ही कळू लागतात, रविवार मोकळा असतो आणि सायकल भाड्याने मिळते. आम्ही कल्की नव्हे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. परंतु कल्कींच्याही आधी कोणी पंडारत्तार कुंभकोणमच्या शाळेत मुले शिकवून उरलेल्या वेळात शिलालेख वाचीत होते. तेवढे तरी आपल्या हातून का होऊ नये?

म्हणून आम्ही मोडीचे पुस्तक मागविले आहे. आणि आमच्या सहकाऱ्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तूर्त एवढेच कबूल केले आहे की, त्या भिंतीवर काय लिहिले आहे ते आम्ही त्यांना दर शनिवारी थोडे थोडे वाचून दाखवू, आठवड्याला एक प्रकरण. पहिल्या शनिवारी त्यांचा नातूही मोबाईल खिशात टाकून ऐकायला बसला. व्यंकोजींच्या तंजावरप्रवेशापाशी आम्ही थांबलो, तेव्हा त्याने विचारले, "पुढे काय झाले?"

आम्ही सांगितले नाही. म्हटले, पुढच्या शनिवारी.